टाकीतले सफाईवाले टाकीतच राहावेत म्हणून

सुक्या बोंबलांच्या बरणीत केसाळ अळी सापडली तेव्हा आईने आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे. "तुझ्याकडचीच आहे," एवढंच ती म्हणाली. टाकीत माझा बिअर्डेड ड्रॅगन दिव्याखाली निवांत पसरला होता. त्याची विष्ठा, टाकलेली कात, मेलेले रातकिडे फस्त करणारे भुंगेरे खालच्या मातीत आपलं काम करत असायला हवे होते. मी बचाव मांडला, की सुक्या मासळीला हे भुंगेरे बाजारातूनच लागतात, कोकणातल्या माणसाला यात नवं काही नाही. बचाव खोटा नव्हता. पण रात्री टाकी पुढे ओढून मागे टॉर्च मारला, तर दिव्याच्या वायरसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला तशाच अळीची केसाळ कात चिकटलेली दिसली. गुन्हा सिद्ध झाला नाही, पण मला निर्दोषही सुटता आलं नाही.

सरडा, गेको किंवा अजगर अशा प्राण्यासाठी 'बायोॲक्टिव्ह' टाकी करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. या पद्धतीत तळाला खडे किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी, जाळीवर माती, मातीवर पालापाचोळा आणि झाडं असतात. त्या मातीत बारीक जीव सोडतात. प्राणी घाण करतो, जीव ती खातात, झाडं उरलेलं शोषतात. जंगलात जे आपोआप चालतं ते दोन-तीन फुटांच्या पेटीत चालवायचं. फरक एवढाच, की जंगलाला दार नसतं आणि पेटीशेजारी आपलं स्वयंपाकघर असतं.

या विषयावरचं बहुतेक मार्गदर्शन ब्रिटन, जर्मनी, अमेरिका अशा थंड देशांतून येतं. तिथे हिवाळ्यात घरं हीटरने तापवलेली आणि हवा कोरडी ठणठणीत असते. त्यामुळे 'बाहेर पडला तर एक-दोन दिवसांत सुकून मरतो' हे वाक्य तिथे बिनधास्त लिहिता येतं. जुलै महिन्यात डोंबिवलीच्या किंवा चिपळूणच्या घरात ते वाक्य चालत नाही. म्हणून आपल्या हवेत हे जीव आत कसे ठेवायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी ओळख, मग बंदोबस्त

सफाई पथक म्हणून विकले जाणारे सगळे जीव 'किडे' या एका नावाखाली येतात, पण त्यांची कुळं वेगळी आणि पळण्याच्या वाटाही वेगळ्या.

स्प्रिंगटेल म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके. पोटाखाली दुमडलेली दुफाट्याची शेपटी झटकून ते उडी मारतात. बुरशी हे त्यांचं मुख्य अन्न. अंगावर पाणी ठरत नसल्याने ते पाण्यावरून चालत जातात. सर्वात जास्त पाळली जाणारी फोल्सोमिया कँडिडा ही जात नराशिवाय प्रजनन करते, म्हणजे एक मादीसुद्धा वसाहत उभी करू शकते.

ऐसोपॉड आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटे, पुष्कळ पायांचे जीव पळताना दिसतात, त्यांतले काही बोट लावताच गोल गोळी होतात, तेच हे. पावसाळ्यात दिसणाऱ्या वाणीशी, म्हणजे पैशाशी, त्यांची गल्लत करू नका. ऐसोपॉड कीटकही नव्हेत, ते कोलंबी-कुर्ल्यांचे भाऊबंद आहेत. पाय चौदा, आणि श्वास पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी. ते अवयव ओले राहिले तरच श्वास चालतो. त्यांची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा या एका गोष्टीत आहे.

तिसरे भुंगेरे. डर्मेस्टिड हे मेलेल्या प्राण्याचं वाळलेलं मांस, कातडी, केस खाणारे. शिकागोच्या फील्ड म्युझियमसारख्या संग्रहालयांत प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करायला हेच भुंगेरे पाळतात. दुसरे बफेलो भुंगेरे. त्यांच्या अळ्या 'बफेलो वर्म' नावाने मिळतात आणि पोल्ट्रीच्या शेडमधल्या भुशात ते जगभर आढळतात.

चौथी झुरळं. दुबिया जातीची झुरळं खाद्य म्हणून आणली जातात, आणि त्यांतली उरलेली मातीत राहतात. सुरिनाम झुरळ मात्र मुद्दाम मातीत सोडतात, कारण ते गांडुळासारखं माती उकरत फिरतं.

चार प्रश्न

कोणताही जीव टाकीत सोडण्याआधी त्याच्याबद्दल चार प्रश्न विचारा. तो चढतो का? उडतो का? पोखरतो का? आणि बाहेर पडला तर आपल्या घरात जगतो का?

स्प्रिंगटेल कशावरही चढतात आणि सुईच्या टोकाएवढ्या फटीतून जातात. त्यांना अडवणारी जाळी शोधण्यात वेळ घालवू नका. ते ओलावा सोडून लांब जात नाहीत, गेले तर वाळून मरतात, आणि घरातलं काही खाऊन नुकसान करत नाहीत. त्यांच्यापुरता प्रश्न इथेच संपतो.

ऐसोपॉड उडत नाहीत. स्वच्छ काचेवर बहुतेक जातींचे पाय ठरत नाहीत. कोरड्या फरशीवर ते फार काळ टिकत नाहीत. पावसाळ्यात मात्र न्हाणीघराचा कोपरा, सिंकखालचं कपाट, बाल्कनीतल्या कुंड्या ही सगळी त्यांना राहण्याजोगी ठिकाणं होतात. तरीही घरातल्या माणसाला किंवा वस्तूला त्यांच्यापासून मोठा धोका नाही.

डर्मेस्टिडच्या बाबतीत चारही उत्तरं आपल्या विरुद्ध जातात. अळी गुळगुळीत काचेवर चढत नाही, पण सिलिकॉनचा सांधा, फांदी, वायर, धुळीचा थर असं काहीही मिळालं की चढते. प्रौढ भुंगेरा उडतो, आणि हवा तिशीच्या पुढे गेली की उडण्याची शक्यता वाढते. कोषात जाण्याआधी अळी लाकूड, फोम, थर्मोकोल पोखरून आत शिरते. बाहेर पडल्यावर तिला आपल्या घरात हवं ते सगळं मिळतं. लोकरी शाल, चामड्याचा पट्टा, तबल्याची पुडी, सुकी मासळी, मांजराचे केस. रेशीमही. पैठणीच्या घडीत कसर लागू नये म्हणून आपण जेवढी काळजी घेतो, तेवढीच इथेही घ्यावी लागते.

बफेलो भुंगेरे कपड्यांच्या वाटेला जात नाहीत, पण तेही उडतात, धान्यात आणि पिठात जगतात, आणि त्यांच्या अळ्या थर्मोकोल पोखरण्यात पटाईत. कोंबड्यांच्या शेडला उष्णतारोधक म्हणून लावलेला थर्मोकोल त्या चाळणीसारखा करून टाकतात. सुरिनाम झुरळात माद्याच माद्या असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात. एक पिल्लू बाहेरच्या कुंडीत पोचलं तर तिथे नवं घराणं सुरू होतं.

म्हणून पहिलं कुंपण निवडीचं. आपल्याकडे फ्लॅटमध्ये टाकी असेल तर डर्मेस्टिड आणि बफेलो भुंगेरे टाकीत सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लाखो नमुने सांभाळणारी संग्रहालयं भुंगेऱ्यांची वसाहत संग्रहापासून दूर, वेगळ्या खोलीत बंद पेट्यांत ठेवतात. ज्यांना हे किडे सर्वात चांगले कळतात तेच त्यांच्यावर सर्वात कमी विश्वास टाकतात, यातून काय घ्यायचं ते घ्यावं. दमट टाकीसाठी स्प्रिंगटेल आणि छोटे पांढरे ऐसोपॉड पुरतात. कोरड्या टाकीसाठी कोरडेपणा सोसणारे चिवट ऐसोपॉड निवडावेत, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात ओल ठेवावी, आणि मोठ्या सरड्याची विष्ठा चमच्याने रोजच्या रोज आपणच काढावी. बायोॲक्टिव्ह टाकी म्हणजे मालकाला सुट्टी, हा समज आधी मनातून काढून टाका.

आत राहावंसं वाटलं पाहिजे

माणूस गाव सोडतो त्या कारणांनीच हे जीव टाकी सोडतात. पाणी नाही, खायला नाही, किंवा गर्दी फार झाली. काचेवर वर वर चढू पाहणारे ऐसोपॉड दिसले तर आधी जाळी तपासू नका, माती तपासा.

मातीत ओल-कोरड्याचा उतार हवा. टाकीचा एक तृतीयांश भाग कायम ओला, उरलेला कोरडा. ऐसोपॉड गरजेप्रमाणे ये-जा करतात. सगळी माती चिखल झाली तर ते कोरड्या जागेसाठी वर येतात, सगळी सुकली तर ओलीसाठी बाहेर पडतात. दोन्ही टोकांना परिणाम एकच. ओल्या कोपऱ्यात पाणी वरून फवारण्यापेक्षा एका नळीतून थेट खाली सोडावं. काच कोरडी राहते, आणि कोरड्या काचेवर पाय ठरत नाही.

पालापाचोळा किमान तीन बोटं जाड हवा. देशी बदाम, आंबा, फणस, पेरू यांची झाडावरून गळलेली पानं उत्तम. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बागेतली नकोत. पानं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून घ्यावीत म्हणजे कोळी, मुंग्या, गोगलगायींची अंडी आत येत नाहीत. कण्हेर विषारी, ती वर्ज्य. निलगिरीही नको. आणि कडुनिंब तर मुळीच नको. ज्या कारणासाठी आपण धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालतो, त्याच कारणासाठी तो इथे घालायचा नाही.

ऐसोपॉडना कवचासाठी कॅल्शियम लागतं. धुऊन कुस्करलेली अंड्याची टरफलं चालतात. समुद्रकिनारी सापडणारा समुद्रफेन स्वच्छ धुऊन ठेवला तर महिनोन्‌महिने पुरतो. आठवड्यातून एकदा काकडीची किंवा भोपळ्याची फोड, आणि थोडं मांसाहारी खाद्य, उदाहरणार्थ माशांच्या खाद्याची चिमूट. प्रथिनं कमी पडली की काही धीट जाती कात टाकणाऱ्या किंवा अशक्त सरड्याच्या अंगाला तोंड लावू शकतात. आजारी प्राण्याच्या टाकीत, आणि प्राण्याने अंडी घातली असतील तिथे, भुकेलं सफाई पथक ठेवू नये.

नव्या टाकीत पहिले दोन-तीन आठवडे जीव इकडेतिकडे जास्त भटकतात. अजून बुरशी धरलेली नसते, पानं कुजायला लागलेली नसतात. म्हणून आधी माती, झाडं आणि सफाई पथक, मग महिन्याभराने प्राणी, असा क्रम ठेवा. विकत आणलेलं पथकही आधी महिनाभर झाकणाच्या डब्यात ठेवा. सोबत काय काय फुकट आलं आहे ते तेवढ्या वेळात कळतं. याच डब्यात परीक्षाही घ्यावी. आतून कोरडा, स्वच्छ प्लास्टिकचा डबा, तळाशी थोडी ओली माती, त्यात दहा जीव, आणि रात्रभर निरीक्षण. कोण चढतो ते सकाळी समजतं. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हा निकाल भरवशाचा.

फटी शोधायच्या कशा

रिकाम्या टाकीत टॉर्च पेटवून ठेवा, खोलीतले दिवे घालवा आणि चहूबाजूंनी फिरून पाहा. जिथून उजेड येतो तिथून जीवही येणार. काम माती भरण्याआधीच करा. नंतर दिसलेल्या फटीपर्यंत हात पोचत नाही.

सर्वात दगाबाज जागा वायरची. दिवा, थर्मोस्टॅटचा सेन्सर, हीट मॅट अशा प्रत्येक वायरसाठी भोक पडतं, आणि वायर भोकापेक्षा बारीक असते. उरलेली जागा सिलिकॉनने बुजवा. मासे पाळणारे वापरतात तो, बुरशीनाशक न घातलेला सिलिकॉन घ्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत कुठलाही जीव सोडू नका. स्पंजचा तुकडा खुपसून भागवू नका. तो पोखरला जातो. माझ्याकडे तेच झालं होतं.

सरकत्या काचांच्या टाकीत दोन काचा एकमेकींवर येतात तिथे उभी फट राहते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांना ब्रशाची जी पट्टी लावतात ती इथे बसते, हार्डवेअरच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळते. खालच्या खाचेत वाळू, माती साचते आणि त्या मातीत पिल्लं वाढतात. जुन्या टूथब्रशने आठवड्याला ती खाच साफ करा.

हवेच्या जाळ्यांबाबत एक चूक सगळेच करतात. मोठा जीव पाहून जाळी निवडतात. निवड पिल्लाच्या मापाने व्हायला हवी. ऐसोपॉडची मादी पोटाखालच्या पिशवीत पिल्लं वाढवते, आणि बाहेर पडणारं पिल्लू तिळाहूनही बारीक असतं. खिडकीला लावतात त्या डासांच्या जाळीतून ते आरामात निघून जातं. रव्याच्या चाळणीऐवजी मैद्याची चाळण घ्यायची, असं समजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेली स्टीलची जाळी आतून सिलिकॉनने चिकटवा. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. जाळी अति बारीक केली तर हवा कोंडते आणि काचा घामेजतात, म्हणून भोकं बारीक करताना जाळीचं क्षेत्रफळ वाढवा.

लाकडी टाकीला आतून सगळ्या सांध्यांवर सिलिकॉनची रेघ हवी. शोभेची मागची भिंत फोमची किंवा थर्मोकोलची असेल तर तिच्यावर टाइलच्या ग्राउटचे किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. शिवाय कॉर्कची साल किंवा मऊ लाकडाचा तुकडा मातीत ठेवा. पोखरणाऱ्याला पोखरायला त्याचं स्वतःचं काही मिळालं की भिंतीवरचा भार कमी होतो.

कुंपणं आणि त्यांच्या मर्यादा

मातीची पातळी दाराच्या उंबऱ्यापासून किमान चार बोटं खाली ठेवा. उंबरा आणि माती यांच्यामधली गुळगुळीत काच हेच सर्वात स्वस्त आणि टिकाऊ कुंपण. ते निकामी करणारे दोघं. एक, वेल आणि फांद्या. जाळीला टेकलेली फांदी म्हणजे शिडी. दुसरं, पाणी. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने फवारलं की काचेवर पांढरे डाग धरतात आणि त्या खरखरीत डागांवर ऐसोपॉड सरसर चढतात. व्हिनेगरच्या कापडाने डाग पुसून मग साध्या पाण्याने काच धुवा. फवारणीसाठी गाळलेलं किंवा आरओचं पाणी वापरा.

काच नसेल तिथे गुळगुळीत पारदर्शक चिकटपट्टीचा तीन इंची पट्टा सलग, घडी न पडू देता चिकटवा. चिकट बाजू कुठेही उघडी राहता कामा नये. सरड्याची कातडी तिला चिकटली तर सोडवताना फाटते.

व्हॅसलीनचा दोन बोटं रुंदीचा पट्टा काठाखाली दिला की चढणारे बहुतेक जीव परत फिरतात. पण मे महिन्यात, दिव्याच्या शेजारी, तो वितळून ओघळतो. आणि धूळ बसली की त्याच पट्ट्याचा रस्ता होतो. महिन्याला पुसून नवा लावा, आणि सरड्याची जीभ पोचणार नाही एवढा उंच लावा. मुंग्या पाळणारे टाल्क पावडर अल्कोहोलमध्ये कालवून काठाला फासतात. ती कोरड्या टाकीत उत्तम काम करते, दमट टाकीत पहिल्याच फवारणीला वाहून जाते. फ्लुऑन नावाचा टेफ्लॉनच्या जातीचा द्रवही मिळतो. त्याचा थर फार निसरडा होतो, पण तोही ओलाव्यात टिकत नाही, आणि तापणाऱ्या दिव्याजवळ तो कधीच लावू नये.

आता जुन्या घरांतली युक्ती. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं, फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. टाकीच्या स्टँडच्या चारही पायांखाली अशा वाट्या ठेवल्या तर कुंपण दोन्ही बाजूंनी काम करतं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण आतले बाहेर जाण्याइतकाच बाहेरच्या मुंग्या आत येण्याचा धोका असतो. लाल मुंग्यांना वाट सापडली तर एका रात्रीत स्प्रिंगटेलची वसाहत संपते, आणि लहान गेकोही चावे खातो. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि वरून चालत जाणारे स्प्रिंगटेलही बुडतात. फक्त आठवड्यातून एकदा वाट्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या करून पुन्हा भरा. डेंगीचा डास अशाच वाटीत अंडी घालतो. महापालिका 'कोरडा दिवस पाळा' म्हणते तो वाट्यांनाही लागू आहे. वायर भिंतीला टेकत असेल तर वाट्यांचा उपयोग शून्य, मुंग्या वायरवरून येतात. वायरला मध्ये एक झोळ द्या आणि त्या झोळावर व्हॅसलीन लावा.

झुरळांचा खडू, फवारा, धूप यांतलं काहीही टाकीजवळ नको. कीटकांना मारणारी ही औषधं ऐसोपॉडनाही मारतात आणि सरड्यालाही बाधतात. सोसायटीत पेस्ट कंट्रोलचा माणूस यायचा असेल तर त्याला आधी सांगा, टाकी दुसऱ्या खोलीत न्या, दाराखाली ओला टॉवेल लावा. ज्या घरात झुरळांचं जेल लावलं आहे त्या घरात पकडलेलं झुरळ सरड्याला खायला घालू नका.

उन्हाळा आणि पावसाळा

आपल्या हवेत वर्षाचे दोन काळ जोखमीचे. मार्च ते मे खोलीचाच पारा पस्तिशीपर्यंत जातो. या दिवसांत भुंगेरे उडतात, व्हॅसलीन ओघळतं, ओला कोपरा दोन दिवसांत सुकतो. दार उघडायची कामं सकाळी लवकर, दिवा लागण्याआधी उरका. तेव्हा किडे सुस्त असतात.

जून ते सप्टेंबर उलट. उरलेल्या आठ महिन्यांत बाहेरची कोरडी हवा हेच आपलं शेवटचं कुंपण असतं. पहिल्या पावसाबरोबर ते कोसळतं. कोकण आणि मुंबई पट्ट्यात घरातली आर्द्रता टाकीतल्याइतकीच होते, आणि भटक्या ऐसोपॉडला बाहेरही श्वास घेता येतो. पुणे-नाशिककडे हा काळ थोडा आखूड. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळे सांधे, पट्ट्या, वाट्या तपासण्याचा नेम ठेवा. शेतकरी पावसाआधी बांध तपासतो, तसंच हे. टाकीखाली आणि मागे पायपुसणी, जुनी वर्तमानपत्रं, कुंड्या ठेवू नका. सुटलेल्याला राहायला जागा मिळाली नाही तर तो फार लांब जात नाही. फरशी कोरडी ठेवली, शक्य तिथे पंखा चालू ठेवला, तर तुटलेलं कुंपण पुष्कळसं परत उभं राहतं.

वर्षभरासाठी एक वही करा. टाकीबाहेर, स्टँडच्या मागे, चिकट सापळ्याचा छोटा तुकडा ठेवा. मोकळा ठेवू नका, त्यावर घरातली पाल अडकून हाल होऊन मरते. बारीक भोकांच्या काड्यापेटीत किंवा डबीत ठेवा. दर रविवारी उघडून काय सापडलं ते लिहा. महिनाभरात एखादा जीव सापडला तर काळजी नाही. एकाच आठवड्यात पाच-सहा सापडले तर नवी फट पडली आहे, किंवा आतली परिस्थिती बिघडली आहे.

सुटलेच तर

ऐसोपॉड सुटले असतील तर रात्री टाकीजवळ ओलं फडकं घडी करून ठेवा, घडीत बटाट्याची फोड. सकाळी घडी उचलून डब्यात झटका. दोन-चार रात्रींत बहुतेक जमा होतात. टाकीतली गर्दी कमी करायलाही हीच युक्ती. जादा जीव दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

भुंगेरे सुटले असतील तर तातडी करा. आधी सुकी मासळी, मांजर-कुत्र्याचं कोरडं खाद्य, धान्य, पीठ घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यांत हलवा. लोकरी, रेशमी कपडे, चामड्याच्या वस्तू काढून उन्हात झटका, शिवणी तपासा. कपाटांखालून, पलंगामागून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि त्याची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर काढा. केसाळ अळ्या उघड्या हाताने गोळा करू नका, त्यांच्या केसांनी काहींच्या अंगाला खाज सुटते. मग टाकीतल्या भुंगेऱ्यांचा कायमचा निरोप घ्या. सगळी माती काढून गोठवावी लागेल.

माती बदलताना

जुनी माती गच्चीवरच्या कुंडीत, सोसायटीच्या बागेत किंवा टेकडीवर टाकू नका. विकत मिळणाऱ्या ऐसोपॉडांच्या अनेक जाती युरोपातून आलेल्या आहेत, आणि आपल्या मातीला, विशेषतः सह्याद्रीच्या जंगलांना, स्वतःचे सफाईवाले आहेत. बाहेरचा तगडा जीव तिथे सोडून काय होईल, याचा प्रयोग आपण करायचा नाही. संग्रहालयांत कीड लागलेल्या वस्तू उणे २० अंशांत किमान आठवडाभर ठेवतात. घरचा डीप फ्रीझर तेवढा थंड होईलच असं नाही, म्हणून माती छोट्या पिशव्यांत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवा, मगच टाका. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे एक पिशवी मटाराशेजारी सापडली होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट कायद्याची. टाकी कितीही सुरेख झाली तरी तिच्यात घोरपड, तारा कासव किंवा इथला साप ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पाळण्यास बंदी आहे. विदेशी प्राण्याची जात सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असेल तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. प्राणी घेण्याआधी हे तपासा, नंतर नव्हे.

माझ्या टाकीत आता भुंगेरे नाहीत. वायरचं भोक बुजलं, पायांखाली वाट्या आल्या, माती चार बोटं खाली गेली, आणि ड्रॅगनची विष्ठा रोज सकाळी चहाआधी मी चमच्याने काढतो. यंदा श्रावण संपल्यावर आईने बोंबलांची नवी बरणी उघडली, आणि आत पुन्हा तीच केसाळ अळी. तिने टाकीकडे पाहिलं. मी काही न बोलता वही पुढे केली. चष्मा लावून तिने गेल्या चार महिन्यांचे रविवार एकेक करून वाचले. 'ऐसोपॉड एक', 'काही नाही', 'काही नाही', 'मुंगी एक'. मग वही मिटली, आणि बरणी मासळीवालीला दाखवायला पिशवीत घातली.